ब्रेकची डबी

म्हशीचं दावं मीच अडकवलं होतं हँडलला.
मिनिटभर फक्त. खुंटा उपटून आलेला
आणि हातमोजा चढवायला मला दोन्ही हात हवे होते.
केळीचा ट्रॅक्टर गेला, ती बिचकली,
अन् माझी गाडी तिच्यामागे पाच पावलं
नाखूष शेळीसारखी ओढली गेली.

सुभान तडवीला मी सांगितलं, घसरलो.
वाळू होती वळणावर.

किनगावच्या फाट्यावर त्याचं गॅरेज म्हणजे
एक निंब, एक ताडपत्री.
मार्चातच असं ऊन, की पाना उचलण्याआधी
तो त्याच्यावर पाणी शिंपडतो.
त्यानं हँडल वळवलं. मुठीच्या आतल्या अंगाला
काडेपेटीएवढी ती डबी,
तिची गोल काच फुटलेली,
ऑइल पेट्रोलच्या टाकीवर ओघळून
लाल रंग बोटाखाली सुरकुतत होता.
"आधी पाणी वत त्याच्यावर," तो म्हणाला.
"केळीचा डाग कापड सोडत नाही,
अन् हे रंगाले बसू देत नाही."

एम-सील लावू का?
"घागरीले लाव."

मागच्या सीटवर माझी नायट्रोजनची टाकी.
आत उणे एकशे शहाण्णवला
मुऱ्हा रेड्यांच्या कांड्या निजलेल्या.
तिकडे आडगावला एक म्हैस पहाटेपासून रेकतेय,
तिचा माज माझ्या डबीसाठी थांबणार नाही.
मी हे सुभानला दोनदा सांगितलं.
त्यानं दोनदा मान हलवली
आणि चहा मागवला.

झाकणाला दोन स्क्रू. एकाचं डोकं
कोणीतरी आधीच खाऊन टाकलेलं.
(मी नाही. बहुतेक मीच.)
त्यानं कडेला छिन्नी तिरपी टेकवली,
हातोडीचे तीन ठोके, तेही
झोपलेल्या पोराला उठवावं तसे.
स्क्रू वळला.

मग पोत्यातून दुसरी डबी काढली.
कोणाची रे?
"एका तलाठ्याची. इंजिन बसलं त्याचं.
ब्रेक चांगला व्हता."

पेट्रोलनं धुऊ दिली नाही, रबर फुगतं म्हणे.
ब्रेक-ऑइलनंच धुतली,
आणि क्लचच्या जुन्या वायरचा एक तार सोडवून
तळातल्या एका भोकात घातला
जे मला दिसतसुद्धा नव्हतं.
"ह्याच्यातून ऑइल माघारी येतं.
हे बुजलं, तर ब्रेक लागते, भो,
सुटत नाही."

"ये. लिव्हर तू धर."
तो खाली चाकाशी बसला.
निपलाला लावली ती नळी माझ्याच पिशवीतली,
गाईंच्या सलाईनची.
दाब.
धर.
सोड म्हणेपर्यंत सोडू नको.
सोड.
नळीतून बुडबुडे निघाले, बारीक,
तांदूळ धुताना येतात तसे.
दाब. धर. सोड.
दाब. धर.
माझं लक्ष टाकीच्या झाकणाकडे गेलं,
फटीतून पांढरी वाफ निसटत होती,
आणि मी त्याच्या आधी सोडलं.

हवा परत आत.
पुन्हा पहिल्यापासून.

तो रागावला नाही. उठला, कंबर सरळ केली,
आणि लिव्हरच्या खाचेतून
चिमटीनं एक निळा नायलॉनचा धागा ओढला.
उन्हात धरून पाहिला.
"वाळूत घसरलं तर ओरखडा बाजूनं असतो.
हे पुढून ओढलंय."
मी गप्प.
"बैल का म्हैस?"
म्हैस.
"दाब."

साडेपाचला लिव्हर दगडासारखी झाली.
डबीचे चारशे, ऑइलचे ऐंशी,
मजुरीचं त्यानं बोललंच नाही,
त्याच्या गाभण गाईकडे येऊन जा, एवढंच.
टाकीवर तळहाताएवढा पत्रा उघडा पडलाय.
राहू दे म्हटलं.

आडगावला म्हैस निंबाला बांधून घेतली,
गाठ स्वतः ओढून पाहिली.

परत येताना उतारावर, अंधारात,
रस्त्यात कोणाचं तरी वासरू.
दोन बोटांनी दाबली. गाडी जागच्या जागी थांबली.
वासरू सावकाश पलीकडे गेलं,
त्याच्या गळ्यातली घंटीही ऐकू येईना झाली,
मी तसाच धरून उभा.
खालून कोणी सोड म्हणणार नाही
हे ध्यानात यायला
जरा वेळ लागला.