घराची सगळी माहिती

स्वयंपाकघराची खिडकी जरा खांद्याने रेटावी लागते,
मी सूल्फ्रिदला सांगितलं.
ईशान्येचा वारा असला तर तेवढ्यानंही भागत नाही,
मग चाकूचं टोक घालायचं, इथं, या खाचेत.
जिन्याची चौथी पायरी करकरते,
बाळ झोपलं असेल तर भिंतीच्या कडेनं पाय टाक.
जानेवारीत पंप गोठतो. शेडमध्ये खिळ्याला
जुनी लोकरी घोंगडी आहे, ती गुंडाळ त्याला.
तुमच्यासाठीच ठेवलीय.

यार्ले वहीत लिहून घेत होता.
मासळीच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असतो तो,
कॉडची कातडी सोलणाऱ्या यंत्रावर;
ती पॅकिंगला.
त्यांचे पगार मीच काढते. दोघांचा मिळून किती,
हप्ता गेल्यावर उरतील किती,
तोंडपाठ आहे मला.

सप्टेंबरात ओस्लोहून आलेल्या कागदांच्या
चार प्रती काढायला सांगितल्या साहेबांनी.
यंत्र गरम, कागद गरम,
आणि दुसऱ्याच ओळीत तारीख : चौदा मार्च.
"गुडव्हाइग, आता तू आतल्या गोटातली," ते म्हणाले.
अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा
दार लावून घेऊन मला कॉफी दिली.

खरं सांगू, त्या क्षणी बरं वाटलं.
आत असण्याची आधी ऊबच लागते.
मग संध्याकाळी बेकरीच्या रांगेत
सगळे बोलत होते नेहमीसारखे
आणि मला ऐकू येत होतं
काचेपलीकडून आल्यासारखं.
ऑडव्हारच्या बोटीला नवं इंजिन येणार. कर्ज मंजूर झालं म्हणे.
मी विचारलं, रंग कुठला देणार बोटीला?

ऑक्टोबरात घर विकायला काढलं.
बहिणीकडे जाते दक्षिणेला, गुडघे दुखतात, म्हटलं.
गुडघे दुखतातच.
किंमत चांगली आली. यार्लेने घासाघीस केली नाही,
ओळखीची बाई, ही कशाला फसवेल.

फसवलं कुठं?
छपराचा गळका कोपरा दाखवला,
तळघरातली बुरशी बॅटरी धरून दाखवली,
कागदावर सगळं नोंदवलं, खाली सही केली.
घराबद्दल माणसाला जे जे ठाऊक असू शकतं
ते सगळं दिलं.

किल्ली घेताना सूल्फ्रिदने मिठी मारली.
तिच्या जाकिटाला मासळीचा वास होता.
माझ्याही कोटाला असतो, जात नाही.
"अजून काही सांगायचं राहिलं?" तिने विचारलं.

अंगणातल्या मोठ्या दिव्याचं बटण
दाराबाहेर नाही, आत आहे, मी म्हणाले,
कोटांच्या मागे.
अंधारात चाचपून बघावं लागतं.