माइक चालू होता

तेलावीच्या या सभागृहात, मागच्या भिंतीला,
कपाटाएवढी एक काचेची खोली आहे.
तिच्यात मी बसते, लामारा, दुभाषी.
शेजारी गुरामी, पाण्याचा जग, दोन हेडफोन.
आमचा धर्म एकच: पदरचं काही बोलायचं नाही.
बोलणारा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं.
सकाळपासून मी तीनदा पुरुष झाले,
एकदा सत्तरीची,
एकदा द्राक्षवेलीवरच्या बुरशीची तज्ज्ञ.

महिन्यापूर्वी नियमावलीही माझ्याकडेच आली होती.
चौथ्या पानावर एका शब्दापाशी
माझा अख्खा रविवार गेला.
छळ म्हणावं, तर अंगावरचे वळ दाखवावे लागतात.
थट्टा म्हणावं, तर आधीच माफ केल्यासारखं होतं.
शेवटी 'नकोसं वागणं' लिहून टाकलं.
कुणाला नकोसं, ते लिहायचं राहिलं.

दुपारी त्सिरा उभी राहिली. स्वानेतीची.
जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात
यीस्ट हिवाळाभर कशी तगून राहते,
त्यावर तिची सहा वर्षं.
छातीवरच्या बिल्ल्यावर नुसतंच त्सिरा,
बाकी सगळ्यांच्या नावाआधी डॉक्टर.
सकाळी कुणीतरी तिच्याकडे कॉफी मागितली होती.
तिनं आणूनही दिली.

तिसरी स्लाइड.
अध्यक्षांच्या खुर्चीतले प्राध्यापक एल्गुजा
शेजाऱ्याच्या कानाशी वाकले.
त्यांच्या माइकचा दिवा लाल.
सभागृहाला ऐकू जात नव्हतं,
ती तार फक्त आमच्या खोलीत येत होती.
त्सिराच्या आवाजाखालून, कॉफीचा घोट घेत:
"हिला अनुदान का मिळालं, ते चेहरा बघूनच कळलं.
रात्री जेवताना माझ्याशेजारी बसवा."

गुरामीचं बोट बटणाकडे गेलं,
खोकला आला तर दाबायचं ते बटण.
मी त्याचं मनगट धरलं.
आणि माझ्याच तोंडून, फ्रेंचमध्ये, सपाट,
श्वासाच्या जागेसकट:
"रात्री जेवताना माझ्याशेजारी बसवा."

सतरा पाहुण्यांनी माना वर केल्या.
एकीनं हेडफोन काढून उलटसुलट पाहिला,
त्यातच काही बिघाड असावा तशी.
त्सिरा बोलायची थांबली.
तिला वाटलं, तिचाच आकडा चुकला.

मग धावपळ. समितीच्या मारेखबाई आल्या,
सत्र थांबलं.
प्राध्यापक म्हणाले, गंमत. मग म्हणाले, अनुवाद चुकला.
ध्वनिफीत लावली, तेव्हा काहीच म्हणाले नाहीत.
त्यांची पुढची अध्यक्षपदं काढून घेतली,
रात्रीच्या टेबलावरून त्यांच्या नावाची चिठ्ठी उचलली.
मी जगातलं उरलेलं पाणी एका दमात प्यायले.

संध्याकाळी त्सिरा काचेपाशी आली.
आभार मानायला, असं मी धरूनच चालले होते.
"आधी सतरा जणांना कळलं," ती म्हणाली,
"मग मला.
माझी चौथी स्लाइड कुणी मागितली का?
पहिल्यांदा मला विचारायचं होतं."
मला तीन भाषा येतात.
मी माइकची वायर गुंडाळत राहिले.

मारेखबाईंनी मात्र विचारलं,
कागद न काढता, तिच्या बाजूला बसून:
तुला काय व्हावंसं वाटतं?
त्सिरा बराच वेळ बुटांकडे बघत होती.
"बिल्ला," ती म्हणाली. "आधी तो बदला.
उद्या सकाळी माझी वीस मिनिटं, पहिल्यापासून.
तक्रार लिहायची की नाही, ते मी रविवारी सांगेन.
तोवर माझ्या वतीनं कुणी रागावू नका."

रात्री मी चौथं पान पुन्हा उघडलं.
'नकोसं' या शब्दापुढे पेन्सिलीनं खूण केली,
आणि समासात लिहिलं: जिला, ज्याला. आधी तिथे जा.
वाक्य अजून नीट बसलेलं नाही.

सकाळी थंडी होती. गुरामीनं काच पुसली.
एल्गुजा शेवटच्या रांगेत, कोट अंगातच.
काही जण त्यांच्याशी हसूनही बोलत होते.
डॉक्टर त्सिरा चौथ्या स्लाइडवर पोचली,
मग पाचव्या, मग नवव्या.
हेडफोन कालच्या त्याच बाईंनी हात वर केला:
रांजणाच्या तळाशी तापमान किती?
मी विचारलं. त्सिरानं उत्तर दिलं.
आणि मी लाल दिवा पाहून घेतला, दाबून म्हणाले:
"चौदा अंश. मी स्वतः मोजलंय,
सहा हिवाळे."