गुर्रममामांची सीडी

अशोक चौकातला माग विकला त्या आठवड्यात
गुर्रममामा सीडी घेऊन आले, बनियनच्या खिशात.
चरे असे, जणू वरून धोटा फिरलाय.

काळ्या पडद्यावर एक ओळ टंकली:
हिची जशीच्या तशी प्रत काढ,
अडलास तर थांबू नको, शून्य भर.

वैशाखातली दुपार. आकडा
सहाशे एमबीकडे रखडत गेला.

मग न उघडता, नुसतं विचारलं, आत काय?
मोर सात. कमळ. जुनी वेलबुट्टी.
आणि सगळ्यांच्या वर, डिस्कचं नाव:
नरसम्मा.

"वरती तर कायबी लिहिलं नव्हतं ओ,"
मामा म्हणाले. चष्मा पुसत बसले.
मग कामाचं विचारलं: शून्यं कुठं पडली?

सातव्या मोराच्या पिसाऱ्यात.

"चालतंय. तिथं मागपण धागा तोडायचा."