पंधरा चौरस मीटर

हडर्सफील्डच्या दुकानात लाकूड आधी पाकिटात मिळतं.
सहा तुकडे, पत्त्यांएवढे, फुकट.
आम्ही ते खिडकीत मांडले
आणि आठवडाभर स्थळं बघावीत तसे बघितले.
खरा ओक देखणा, पण अपेक्षा फार.
लॅमिनेट हसतमुख,
टिचकी मारली की आतून पोकळ बोलायचं.
व्हिनाइल म्हणे पाण्याला भीत नाही.
का भ्यावं?
ते लाकूड नव्हेच, लाकडाचा फोटो.

खोली चार पूर्णांक दोन गुणिले तीन पूर्णांक सहा.
वर दहा टक्के, चुकांसाठी.
आपल्या चुकांचाही चौरस मीटरला दर असतो
हे मला चाळिशीत कळलं.
श्रीरंगनं गॅसच्या बिलामागे हिशेब मांडला,
खोडला, पुन्हा मांडला,
आणि सातशे पौंडांखाली दोन रेघा ओढल्या.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल.
पण अंथरुणाखाली काय पसरावं
ते कुणीच सांगून ठेवलेलं नाही.

मिरजेच्या मामांना तो फोनवर बोलून गेला,
नवी जमीन घेतोय.
मामा खूश. 'अरे वा! किती गुंठे?'

शेवटी ड्यूजबरीजवळच्या एका शेडमध्ये सापडली:
पाडलेल्या शाळेच्या व्यायामशाळेची,
मेपल, सुतळीनं बांधलेले गठ्ठे, अंगावर खिळे तसेच.
शेडवाली ग्लेनिस म्हणाली, लगेच ठोकू नका.
दोन आठवडे खोलीत नुसती पडू द्या,
घराची हवा तिला कळू दे.
मग आम्ही दोन आठवडे
फळ्यांना वळसा घालून जेवलो,
फळ्यांवर कपडे वाळवले,
आणि रात्रपाळीहून येताना मी रोज
त्याच एका गठ्ठ्याला ठेचकाळले.

खिळे उपसले. चारशे बारापर्यंत मोजले,
पुढे शाल्मलीनं मोजणं सोडलं.
खाचांत जुनं पॉलिश, च्युइंग गम,
आणि एका फळीच्या पोटावर पेन्सिलीनं:
'एस. सग्डेन. मंगळवार. पाऊस.'
श्रीरंगनं ती फळी पुसली नाही.
फक्त उलटी धरून
थोडा वेळ तसाच उकिडवा बसला.

वरच्या बाजूला रंगीत पट्टे होते,
बास्केटबॉलचे लाल, बॅडमिंटनचे पिवळे.
क्रम लावायचा म्हटलं तर जन्म गेला असता.
तशाच ठोकल्या.
भिंतीपाशी बोटभर फट सोडली,
लाकूड ओल्या दिवसांत फुगतं, त्याला जागा लागते.
करवत शेजारच्या अ‍ॅकरॉयडची. तो ती न्यायला आला
आणि दारातच थबकला.
ह्या शाळेत होतो मी, म्हणाला.
मग बूट काढले, न सांगता,
आणि मोज्यांवर हळूहळू चालत
मधोमध एका लाल तुकड्यावर थांबला.
इथून मारायचो, म्हणाला. एकदाही गेला नाही.
चहा घेतला. करवत विसरला.

आता आमच्या बैठकीत
कुठलीच रेघ कुठे जात नाही.
लाल सुरू होते, सोफ्याखाली मरते,
पिवळी उगवते रेडिएटरपाशी, चार इंच, आणि संपते.
शाल्मली फक्त पिवळ्यांवरून उड्या मारत दारापर्यंत जाते,
मध्ये जमीन नाहीच, म्हणते, पाणी आहे.
कोपऱ्यात तीन फळ्या कमी पडल्या,
तिथे प्लायवुड, वर चपलांचं कपाट.
पाहुणे आले की मी कपाटापुढे उभी राहते.

रविवारी पुन्हा मामा.
'जमिनीचं काय झालं? कागद झाले?
सातबारा कुणाच्या नावावर?'
श्रीरंगनं फोन माझ्याकडे दिला.
मी अनवाणी होते. खाली लाकूड गार होतं,
अजून पुरतं ओळखीचं नव्हतं.
सग्डेनच्या, मी म्हटलं.
'कोण हा?'