तक्रार : जागा सोडतो

ओउलूत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लावावे लागतात.
तेव्हाच माझ्या काउंटरवर माणसं येऊ लागतात,
काखेत थाळीएवढी यंत्रं घेऊन,
आजारी मांजर आणावं तशी.
फॉर्मवर तक्रारीसाठी एकच ओळ आहे.
ती कुणाला पुरत नाही.

पेन्ट्टीच्या यंत्रानं चिंध्यांच्या गालिच्याची झालर गिळली,
आईनं मागावर विणलेला गालिचा.
यंत्राच्या पोटात निळा दोरा आणि एक लांब पांढरा केस.
तो विचारतो, दोन्ही परत मिळतील ना?
साइमाचं यंत्र सोफ्याखाली अडकतं
आणि पहाटे तीनला जाहीर करतं, मला मदत हवी आहे.
"मीही तेच म्हणत असते," ती हसली,
"फक्त एवढ्या खणखणीत आवाजात नाही."
एकाचं कुत्र्याच्या घाणीतून गेलं
आणि घरभर सारवून आलं.
तो सांगताना खिदळत होता. बायको गाडीतच बसून होती.

निसरड्या रस्त्यांवर टाकलेली खडी
बुटांना चिकटून घरात येते.
ती मी चिमट्यानं चाकांतून काढतो,
बशीत टाकतो. टण्. टण्.

मग इर्मेली आली. टोपी काढली नाही.
पिशवीतून यंत्र, वायर, नवऱ्याचा फोन,
सगळं टॉवेलात गुंडाळलेलं.
"जागा सोडतं," म्हणाली, "माझ्या खुर्चीपाशी येतच नाही.
सहा वर्षं मला वाटायचं, भिडस्त आहे बिचारं.
मी विणत बसलेली, पाय उघडे,
ते यायचं, थबकायचं, वळून जायचं.
टाउनोला म्हणायचे, बघ, तुझ्यापेक्षा याला रीत कळते.
तो नुसता हं म्हणायचा.
तिथं धूळही कधी दिसली नव्हती.
उन्हाळ्यापासून दिसते.
वाकून पुसायला गुडघे ऐकत नाहीत.
त्याचा डोळा बिघडला असेल."

डोळा स्वच्छ होता. चाकं, ब्रश, पट्टा, सगळं ठीक.
फोन चालू केला. पासवर्ड चार शून्यं,
एवढीच टाउनोची सावधगिरी.
नकाशा उघडला :
स्वयंपाकघर, न्हाणी, सौना,
आणि खिडकीपाशी
बोटानं ओढलेला एक लाल चौकोन.
इथं जायचं नाही.
चौकोनाला नाव द्यायची सोय असते. कुणी देत नाही.
त्यानं दिलं होतं :
इर्मेलीचे पाय.

मी फोन तिच्याकडे वळवला.
चष्मा सापडायला वेळ लागला,
मागे रांगेत कुणीतरी खोकलं.
"म्हणजे बिघडलेलं नाही," ती म्हणाली.
नाही.
"म्हणजे सहा वर्षं मी ज्याचं कौतुक केलं ते..."
टॉवेलाची घडी घातली, मोडली, परत घातली.

काढून टाकू का, मी विचारलं. एक बोट लावलं की जातो.
ती नकाशाकडे बघत राहिली,
छपरावरून आपल्याच घरात डोकवावं तशी.
"केवढा मोठा काढलाय," म्हणाली,
"माझे पाय काय होड्या आहेत?"
मग टोपी नीट करत :
"थोडा लहान करा. खुर्चीपुरता.
हल्ली मी पाय जवळ घेऊन बसते."

दोन बोटांनी मी चौकोन आवळला.
फी किती, तिनं विचारलं. काही नाही म्हटलं,
तर एक जादा ब्रश विकत घेऊन गेली.

दुरुस्तीच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना.
पुढचा माणूस यंत्र सरकवत म्हणाला,
"सारखं भिंतीला धडकतं हे."
कुठल्या भिंतीला, मी विचारलं.