पासाऊला

हेडाऊ बाई छडीच्या टोकानं
डॅन्यूब ओढत न्यायच्या
काळ्या जंगलातून काळ्या समुद्रापर्यंत.
द्रावा, तिसा, सावा,
आम्ही पाढ्यासारख्या घोकायचो.
खिडकीबाहेर नाग नदी,
तिला नकाशात रेघही नव्हती.

पासाऊला इन येऊन मिळते, बाई म्हणाल्या,
बर्फाचं हिरवट पाणी,
डॅन्यूबहून जास्तच.
मागच्या बाकावरून पौनीकरांची चित्रा :
"मंग नाव काऊन डॅन्यूबचं, बाई?"

बाईंनी खडू शोधला.
हातातच होता.
दिवाळीनंतर हजेरीपटावर
त्यांचं आडनाव खोडून
वर नवं लिहिलं होतं, हिरव्या शाईनं.
आमच्या तोंडी हेडाऊच राहिलं.

"लांबून आलेलीचं नाव राहते,"
बाई म्हणाल्या. मग जरा थांबून,
"असं पुस्तकात आहे."

परीक्षेत तो प्रश्न आला नाही.

परवा कुहीकडे गेले होते.
अख्ख्या शहराला नाव देऊन
नाग तिथं आपलं नाव टाकते.
काठावर एक ढिवर जाळं झटकत होता.
विचारलं, हे पाणी कोणतं, भाऊ?
"कन्हानचं," तो म्हणाला.
जाळं नाकाशी नेलं, हसला,
"थोडं नागपूरचं बी."