समाधानी ग्राहक, विटा

रात्रपाळीत लिहिलं होतं,
धागा तुटून माग थांबला तेव्हा, अंगठ्यानं:
तीन बाटल्या चोळल्या. काडीचा फरक नाही.
आता आईचे गुडघे दुखत नाहीत,
ती फाल्गुनात गेली.
चौथी परत घ्या, सील फोडलेलं नाही.

त्यांनी मधली ओळ ठेवली.
दोन्ही अंगांनी कातरली, सुबक,
आम्ही किनार कातरतो तशी,
एक दशी दिसेल तर शपथ.
खाली: र. चोथे, विटा.
वर पाच तारे,
शेजारी कुणाची तरी हसरी आई.

खोटं म्हणावं तर अक्षर न् अक्षर माझं.

काल स्टँडवर आळसंदच्या इंदुमावशी भेटल्या,
वर्षभरानं.
पिशवीतून खोकं काढून दाखवलं:
"तुझं नाव बघून दोन मागवल्या बघ.
परका असता तर विश्वास ठेवला नसता."

गाडी लागली.
दांडी धरून त्यांनी आधी डावा पाय चढवला,
उजवा हातानं उचलून घेतला,
आणि वरून म्हणाल्या,
"आईला सांग, गुण आला की
चालत येते भेटायला."

मी म्हणालो, मावशी, आई तर

कंडक्टरनं घंटी मारली.